शेडमास्तरांचं जांभळं कोरल

शेडमास्तरांनी कुठल्याही रंगाची एका शब्दात बोळवण केलेली मी कधी ऐकली नाही. लाल, हिरवा, निळा हे त्यांच्या मते बालवाडीतले शब्द. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा माझ्या अंगात पोपटी कुर्ता होता. म्हणजे दुकानदाराने तरी तो मला पोपटी म्हणूनच विकला होता. मास्तरांनी दार उघडलं, माझं नाव विचारायच्या आधी कुर्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पिवळा बरोबर घातलाय, पण वर काळ्याचा एक थेंब पडलाय. दोन-तीन धुण्यांत लक्षात येईल." मी खरं तर भांडायला गेले होते. त्यांच्या हॉलमधून भिंतीपलीकडे माझ्या खोलीत दिवसभर एक गुणगुण यायची आणि घरून काम करताना ती मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जायची. पण त्या एका थेंबाने माझा इतका गोंधळ उडाला की भांडण राहूनच गेलं. तिसऱ्या धुण्यानंतर कुर्ता शेवाळी दिसायला लागला तेव्हा मी पुन्हा त्यांच्याकडे गेले, या वेळी चहाला.

माझा गोंधळ उडायला फार काही लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पवईच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायचा मला पगार मिळतो, यावर माझ्या आईचा अजून विश्वास बसत नाही. पुढे जे झालं ते बघता आईचंच बरोबर असावं.

मास्तरांचं खरं नाव खाली सोसायटीच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीत ते सगळ्यांचेच शेडमास्तर. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी केली. गिऱ्हाईक एखादा तुकडा पाठवायचं, पत्र्याचा, लाकडाचा, कधी नुसता बटणाचा, आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारा रंग कालवून द्यायचा, हे त्यांचं काम. शेवटच्या काही वर्षांत तिथे रंग मोजणारं मशीन आलं. मास्तरांचं त्या मशीनशी वैर नव्हतं. "मशीन आकडा सांगतं," ते म्हणायचे, "शेड पास माणूस करतो."

गुणगुण यायची ती त्यांच्या टाकीच्या पंपाची. इतरांच्या घरी जिथे टीव्ही असतो तिथे त्यांच्याकडे चार फुटी काचेची टाकी होती आणि तिच्यात खारं पाणी, पाच मासे आणि खडकांवर वाढणारं जिवंत कोरल. घरात गोल्डफिश पाळणारे मी पाहिले होते, पण हॉलमध्ये समुद्र पाळणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते. बाथरूममध्ये निळा ड्रम होता, त्यात मास्तर फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ कालवायचे आणि त्यांची बायको, आमच्या काकू, आंघोळीला जायच्या आधी तो ड्रम ढकलत बडबडायच्या. काकू मालवणच्या. "मासे खावचे असतत, पोसूचे नाय," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "चार वर्षां झाली, एक तरी कढीत पडलो काय?" मास्तर यावर फक्त टाकीवरचं झाकण नीट लावून घेत.

दर बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता पाण्याची तपासणी व्हायची. माशांची घाण पाण्यात किती साठलीय, ते त्यात कळायचं. काचेच्या छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, मिनिटभर जोरात हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीतला रंग कार्डावरच्या रंगांशी ताडून बघायचा. पिवळा म्हणजे शून्य. मग पाच, दहा, वीस असं करत रंग नारिंगी होत जातो आणि लाल झाला की पाण्याची वाट लागली असं समजायचं. मास्तरांचा उजवा खांदा आखडला होता, त्यामुळे हलवायचं काम माझ्याकडे आलं. "अगं, सरबत ढवळतेयस काय? हलव!" असं त्यांनी ओरडायचं आणि मी दात-ओठ खात नळी हलवायची. हलवणारी मी आणि वाचणारे मास्तर, अशी आमची वाटणी ठरून गेली.

वाचायला ते उत्तरेच्या खिडकीशी जात. "ट्यूबलाइट खोटं बोलते. उन्हाचंही काही खरं नाही. उत्तरेचा उजेड कोणाची बाजू घेत नाही." नळी कार्डाशेजारी धरायची, मनात तीन आकडे मोजायचे आणि नजर काढून घ्यायची. त्याहून जास्त बघितलं की डोळा स्वतःच रंग जुळवून घेतो, असं ते म्हणत. मी एकदा निवांत अर्धं मिनिट बघत उभी राहिले तर त्यांनी माझ्या हातातून कार्डच काढून घेतलं. एकदा बघून जे दिसलं ते दिसलं. दुसऱ्यांदा बघणं हा त्यांच्या लेखी कच्चेपणा होता.

टाकीतलं त्यांचं सगळ्यात लाडकं म्हणजे जांभळं. घाटकोपरचे एक डॉक्टर मास्तरांचे या छंदातले दोस्त, त्यांच्या टाकीतून अंगठ्याएवढा तुकडा आणून मास्तरांनी खडकावर चिकटवला होता. चार वर्षांत त्याला फांद्या फुटून तो पसरलेल्या पंजाएवढा झाला होता. कोरल ऐन रंगात असताना मास्तरांनी तो रंग स्वतः कालवून एका पुठ्ठ्यावर लावला आणि उजेडाने उडू नये म्हणून पुठ्ठा काळ्या पाकिटात घालून कपाटात ठेवला. कारखान्यात याला स्टँडर्ड म्हणत. मी विचारलं, रोज समोर असलेला रंग आठवायला पुठ्ठा कशाला लागतो? तर म्हणाले, "माणसाला रंग आठवत नाही. आठवल्यासारखं वाटतं." तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी मात्र जांभळं बघून इतकंच विचारलं की हे पोवळं असेल तर अंगठीत घालता येईल का, त्यांच्या मुलाला मंगळ आहे. मास्तरांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

इमारतीतल्या बायकांना टाकीशी देणंघेणं नव्हतं. त्यांना मास्तर हवे असत ते मॅचिंगसाठी. साडीवर ब्लाउजपीस घ्यायचं, अस्तर घ्यायचं, फॉल लावायचा की साडी मास्तरांच्या हवाली. स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरमध्ये ते पिशवी घेऊन शिरले की दुकानदार कपाळाला हात लावायचा, कारण मास्तर कापडाचा एकेक तागा दुकानाबाहेर फुटपाथवर आणून, साडीच्या पदराशेजारी धरून, तीन आकडे मोजून परत पाठवत. पण त्यांनी आणलेलं ब्लाउजपीस म्हणजे साडीतूनच कापल्यासारखं. बायका अभिमानाने सांगायच्या, आमच्या शेडमास्तरांनी आणलंय.

गणपतीच्या सुमारास जांभळ्याचा रंग बिघडायला लागला. पहिल्यांदा मास्तरांनीच सांगितलं. "जांभळ्यावर मळ चढलाय. तपकिरी मारतंय." मी टाकीपाशी जाऊन बघितलं तर मला भलतंच दिसलं. फांद्यांची टोकं पांढुरकी झाली होती आणि खालचा जांभळा, कोणी दूध ओतल्यासारखा, फिकट. मळ मला कुठेच दिसेना. पण मळ चढणं हा रंगाच्या धंद्यातला काहीतरी खास शब्द असेल आणि फिकट होण्यालाच ते मळ म्हणत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. त्या रविवारी मी नळी हलवली, मास्तर खिडकीशी गेले आणि म्हणाले, "दहा." मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मला पाचसुद्धा वाटत नव्हतं. मी गप्प राहिले, कारण शेड ओळखायची अक्कल कोणाला, हा प्रश्नच नव्हता.

मग सुरू झाली सफाई. घाण वाढलीय तर पाणी बदला, माशांचं खाणं कमी करा. आठवड्यातून एकदा पाणी बदललं जायचं ते दर तिसऱ्या दिवशी बदललं जाऊ लागलं. निळा ड्रम बाथरूममध्ये कायमचा वस्तीला आला. माशांना दोन वेळा मिळायचं ते एका वेळेवर आलं, तेही चिमूटभर. मासे काचेला तोंड लावून आमच्याकडे बघत बसायचे. काकू म्हणाल्या, "माणसां उपास करतत, ह्या माशांका कसली एकादस?" तरीही पुढच्या बुधवारी मास्तर म्हणाले, "दहाच." आणि दिवाळी झाल्यावर म्हणाले, "वीस." त्या दिवशी नळीत मला कार्डावरचा पहिला पिवळा दिसत होता, अगदी शून्याचा.

मी वाचायला बसले. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी इंटरनेटवर कोरलचे रंग का जातात ते धुंडाळायचे. एक जण म्हणे उजेड जास्त झाला, दुसरा म्हणे कमी पडला. घाण वाढली की कोरल तपकिरी पडतं, असं एका ठिकाणी लिहिलं होतं. त्याच पानावर खाली लिहिलं होतं की पाणी फारच स्वच्छ झालं तर ते उपाशी पडतं आणि फिकट होतं, कारण त्या घाणीतलं थोडंसं त्याचं अन्न असतं. म्हणजे मास्तरांना जे दिसत होतं त्याचा उपाय एक आणि मला जे दिसत होतं त्याचा उपाय नेमका उलटा. घाटकोपरच्या डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, "मास्तरांनी किती वाचलंय?" मी म्हटलं, वीस. "मग काय प्रश्नच नाही, पाणी बदला," म्हणाले. मास्तरांच्या वाचण्यावर शंका घ्यायची त्यांचीही छाती नव्हती.

शेवटी मी काय केलं असेल, तर माझे डोळे तपासून घेतले. खरंच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, त्रास काय होतो? मी म्हटलं, मला फिकट दिसतं. काय फिकट दिसतं? कोरल. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग रंगीत ठिपक्यांची वही दाखवली, तिच्यातले सगळे आकडे मी धडाधड वाचले आणि त्यांनी मला डोळे कोरडे पडू नयेत म्हणून थेंब लिहून दिले. डोळे ठणठणीत असल्याचा कागद पर्समध्ये घेऊन मी रविवारी पुन्हा नळी हलवायला गेले. मास्तर म्हणाले, "वीस." कागद पर्समध्येच राहिला.

त्या दिवसांत मास्तर फार थकल्यासारखे दिसायचे. हॉलमधल्या ट्यूबा त्यांनी दोनदा बदलून घेतल्या, हल्लीचा माल पहिल्यासारखा राहिला नाही म्हणून. वर्तमानपत्राची छपाई बिघडली, चहाचा रंग बिघडला, अशी तक्रार चालायची. एका रविवारी त्यांनी काळ्या पाकिटातून स्टँडर्ड काढून टाकीच्या काचेला लावलं आणि मला जवळ बोलावलं. "छत्तीस वर्षांत माझ्या हातचा एक डबा परत आला नाही," ते म्हणाले. "आणि हे एवढंसं जनावर काय मागतंय, तेच मला कळत नाहीये गं. सगळं करतोय, तरी हे जातंय. माझ्या हातून काय चुकतंय?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाले, "बघ, मळकट झालंय ना?"

मी बघितलं. पुठ्ठा गडद जांभळा होता आणि शेजारचं कोरल जवळजवळ पांढरं. मी म्हटलं, "हो."

त्या 'हो'ची मला आजही लाज वाटते. इतर वेळी गप्प बसणं मी खपवून घेतलं असतं, पण माणूस काकुळतीला येऊन विचारत होता आणि मी त्याला डोळ्यांदेखत खोटं सांगितलं. ते ऐकून मास्तर उठले आणि पुन्हा पाणी बदलायला घेतलं.

गोष्ट फुटली ती कोरलमुळे नाही, ब्लाउजमुळे. मार्गशीर्षात काकूंच्या भाचीचं लग्न होतं. काकूंची जांभळी रेशमी साडी, तिच्यावर मास्तरांनी आणलेलं ब्लाउजपीस. काकू लग्नाच्या धावपळीत, त्यांनी ते न उघडताच टेलरकडे टाकलं. शिवून आलं त्या दुपारी मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तिथेच होतो. काकूंनी पुडी सोडली, ब्लाउज हातात उंच धरला आणि त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "ह्या जांभळा? अवो, ह्या तर चाकलेटी!"

"साडीच्या काठाला लावून बघ. तंतोतंत आहे," मास्तर खुर्चीतूनच म्हणाले.

काकूंनी लावून बघितलं आणि आमच्याकडे बघितलं. वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "काकू, माझ्यावेळीही असंच झालं हो." मग त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की इमारतीतल्या तीन बायकांच्या कपाटात चुकीच्या रंगाचे ब्लाउज दिवाळीपासून पडून होते. एकीने तर गुपचूप दुसरं शिवून घेतलं होतं. मास्तरांना वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नव्हतं. "म्हणजे ह्यांका धड दिसणा नाय, आणि माका कोण सांगणा नाय!" काकू कडाडल्या. "सगळी शाणी माणसां!"  मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला, पुन्हा घातला आणि ब्लाउजकडे बघत राहिले. मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तर मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकून तपकिरी झालेला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बरेच महिने पिवळ्या काचेतून जग बघताय. लग्न झाल्यावर डावा डोळा करायचा आणि महिनाभराने उजवा, असं ठरलं. गंमत म्हणजे हे ऐकून मास्तरांना हुरूप आला. "म्हणजे जांभळं ठीक आहे! मळ माझ्याच डोळ्यांत होता," असं त्यांनी मला दारात उभं करून सांगितलं. काकूही खूश, वहिनीही खूश. मीही हसले. पण मला तर ते कोरल माझ्या चांगल्या डोळ्यांनी पांढरं दिसत होतं, मग आम्ही सगळे आनंद नेमका कशाचा करत होतो, ते मला कळेना.

डावा डोळा झाल्यावर पहिले काही दिवस वाकायचं नाही, टाकीशी जायचं नाही, अशी काकूंची सक्त ताकीद होती. काळा गॉगल लावून मास्तर खुर्चीत बसायचे आणि गॉगल काढला की घरातल्या वस्तू नव्याने बघायचे. "ही भिंत पांढरी आहे होय? मला वाटत होतं क्रीम दिलाय." मग काकूंकडे बघून म्हणाले, "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?" काकू म्हणाल्या, "तुमच्या टाकीपायी." आठव्या दिवशी ते उठले, गॉगल काढून टाकीसमोर उभे राहिले. मी शेजारी होते. जांभळ्याच्या अर्ध्या फांद्या निव्वळ हाडासारख्या उघड्या पडल्या होत्या आणि उरलेल्यांवर रंगाची नुसती झाक होती. मास्तरांनी गॉगल खिशात ठेवला. म्हणाले, "सुजाता, नळी हलव."

मी हलवली. ते खिडकीशी गेले, उजव्या डोळ्यावर हात ठेवला, नव्या डोळ्याने बघितलं. "शून्य." मग नव्या डोळ्यावर हात ठेवला, जुन्याने बघितलं. "वीस." पुन्हा हात बदलला. पुन्हा शून्य. पुन्हा हात बदलला. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "कार्डावरचा रंग छपाईच्या शाईचा, नळीतला औषधाचा. पिवळ्या काचेतून दोन्ही सारखे बदलत नाहीत. नवशिक्यालासुद्धा शिकवतो आम्ही हे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला किती दिसतंय?"

"शून्य."

"आज?"

मी खाली बघितलं. "गणपतीपासून तुमच्यापेक्षा कमीच दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मास्तर ना."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते खिडकीच्या कट्ट्याला टेकले. "आमच्याकडे शेड पास करायला दोन सह्या लागायच्या," ते म्हणाले. "दुसरी सही करणारा वेगळं दिसत असून गप्प बसला, तर त्याला त्या टेबलावरून उठवायचो आम्ही." मी नळी परत घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला. ते म्हणाले, "तुला उठवत नाही. खांदा दुखतो माझा." आणि मग टाकीकडे तोंड करून, फार हळू, "आणि मी तरी तुला एकदाही विचारलं का? स्वच्छ ठेवता ठेवता उपाशी मारलं गं मी त्याला."

त्यानंतर नियम बदलला. आधी मी मोठ्याने आकडा सांगायचा, मग त्यांनी. पाणी बदलणं थांबलं, माशांना पोटभर मिळायला लागलं, काकूंना बाथरूम परत मिळालं. आकडा हळूहळू पाचावर आला. मेलेल्या फांद्या परत आल्या नाहीत, त्यांच्यावर हिरवं शेवाळ धरलं. पण होळीच्या आसपास एका फांदीच्या बुडाशी नखाएवढा जांभळा दिसायला लागला आणि मास्तरांनी मला ऑफिसात फोन करून ते सांगितलं. उजवा डोळाही तोपर्यंत झाला होता. बायका पुन्हा साड्या घेऊन यायला लागल्या, त्यांना मात्र मास्तर काही केल्या हो म्हणेनात. "डोळे नवीन आहेत," म्हणायचे. "माझी त्यांची अजून ओळख झालेली नाही." डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मते त्यांना तरुणासारखं दिसत होतं. तरी बाजारात भाजी घेतानाही ते काकूंना विचारायचे, हा टोमॅटो पिकलाय ना? छत्तीस वर्षं ज्याच्या एका नजरेवर ट्रकभर माल बाहेर पडायचा, तो माणूस आता प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायचा.

वर्षभराने आमची इमारत पुनर्विकासाला गेली. सगळ्यांनी घरं रिकामी करायची, नवी इमारत होईपर्यंत भाड्याने राहायचं. मास्तर आणि काकू ठाण्याला एका लहान घरात गेले, तिथे चार फुटी टाकीला जागा नव्हती. घाटकोपरचे डॉक्टर टाकीतलं सगळं आपल्याकडे न्यायला तयार झाले. पुढच्या हिवाळ्यात मास्तर त्या भाड्याच्या घरातच गेले, झोपेत. आमच्या जागेवर तेव्हा नुसता खड्डा होता. काकू आता मालवणला असतात. जांभळं डॉक्टरांच्या टाकीत जगलंय. ते अधूनमधून मोबाइलवर फोटो पाठवतात, पण त्यांच्या टाकीवर इतके निळे दिवे आहेत की कोरल खरं कुठल्या रंगाचं आहे ते मला त्यात समजत नाही.

मास्तर म्हटलं की मला मुलुंडच्या त्या घरातली शेवटची तपासणी आठवते. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर टाकी रिकामी करायला येणार होते. हॉलमध्ये खोकी रचलेली, कपाटं दोरीने बांधलेली, खिडकीला पडदा नाही. आकडा दहा असेल तर थोडं पाणी बदलून मग पाठवायचं, पाच असेल तर जसं आहे तसं जाऊ द्यायचं, असं डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. त्या नखाएवढ्या जांभळ्याची आता हातभर फांदी झाली नव्हती, बोटभरच होती, आणि उगाच जास्त स्वच्छ पाण्याची भीती आम्हा दोघांनाही होती. मी नळी हलवली, खिडकीशी नेली आणि म्हटलं, "पाच."

मास्तरांनी बघितलं. तीन आकडे मोजून नजर काढली. मग त्यांनी पुन्हा बघितलं. "मला दहा वाटतंय," ते म्हणाले.

मी नळी त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा बघितली. रंग पाचाच्या आणि दहाच्या मधे कुठेतरी होता. खरं सांगायचं तर तो कोणाकडे झुकतोय ते मला सांगता येत नव्हतं. पूर्वीची मी लगेच हो म्हणाले असते. आता माझ्या तोंडून जरा मोठ्यानेच निघालं, "पाचच आहे, मास्तर."

त्यांनी नळीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की." नक्की अजिबात नव्हतं.

"मग पाच," मास्तर म्हणाले. त्यांनी तिथेच डॉक्टरांना फोन लावला आणि पाच आहे म्हणून सांगितलं, सुजाताने वाचलंय म्हणून सांगितलं. मग आत जाऊन नळी बेसिनमध्ये ओतली आणि धुऊन टाकली. मला पुन्हा एकदा बघायचं होतं.